आधी पाणी कुठं जातंय ते बघा

मागच्या वेळी 'गल्लीतली मोकळी जागा' या विषयावर प्रश्न मागवले, तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा: कुठली झाडं लावू? झाडांवर येतोच. पण बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात बागेचं बरंवाईट झाडाच्या कितीतरी आधी ठरतं, म्हणून पत्रांचा क्रम मी माझ्या सोयीनं लावलाय.

आमच्या कॉलनीत ओपन स्पेसची साधारण दहा गुंठे जागा आहे. महापालिकेकडून बाग करून मिळेल असं नगरसेवक म्हणतात. रहिवाशांना हिरवळ, मधोमध कारंजं आणि भोवती चालायला काँक्रीटचा ट्रॅक हवाय. बरोबर आहे ना? — निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

सर, तुम्ही शिक्षक, म्हणून गणितानंच सुरुवात करतो. दहा गुंठे म्हणजे जवळजवळ हजार चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत हिरवळ हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. सगळ्या जागेवर हिरवळ केली तर रोज पाच हजार लिटर, म्हणजे दररोज एक टँकर. घरचा नळ आज येणार की परवा, याची वाट आपण ज्या दिवसांत बघतो, नेमक्या त्याच दिवसांत.

मी स्वतः हे करून बसलोय. नवा नवा होतो तेव्हा याच शहरात अशी एक बाग आखली. उद्घाटनाला गालिचा अंथरल्यासारखी दिसत होती. पुढच्या मे महिन्यात बोअर आटली, माळी दुसरीकडे गेला, आणि जूनपर्यंत पोरांनी तिथं स्टंप रोवले. तेव्हा पोरांचा राग आला होता. आता वाटतं त्यांचं बरोबर होतं. त्या वस्तीला मैदान हवं होतं आणि मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता गणिताची दुसरी बाजू. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १,२०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या दहा गुंठ्यांवर वर्षाला बारा लाख लिटर आपोआप येतं आणि बहुतेक सगळं जून ते सप्टेंबरात. ते गटारात सोडून द्यायचं आणि उन्हाळ्यात टँकरला फोन लावायचा, हे आपण वर्षानुवर्षं करतोय.

म्हणून नकाशा काढायच्या आधी एक काम करा. जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन जागेवर अर्धा तास उभे राहा. पाणी कुठून आत येतं, कुठं तुंबतं, कुठून बाहेर जातं ते वहीत काढा. दुसऱ्या दिवशी त्या तुंबणाऱ्या कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा काढून पाण्यानं भरा आणि सकाळी बघा. रिकामा झाला असेल तर खाली मुरूम आहे, पाणी मुरतं. अजून भरलेलाच असेल तर जमीन चिकट आहे, तिथं पाणी मुरवायच्या नादाला लागू नका, साठवायचं बघा.

मुरणारा कोपरा मिळाला तर तिथं वीत-दीड वीत खोल पसरट वाफा करायचा, आजूबाजूच्या छपरांचं आणि वाटांचं पाणी त्यात वळवायचं, जास्तीचं जायला दगडी सांडवा ठेवायचा. आत कर्दळ, लव्हाळा आणि काठाला निर्गुंडी. पावसाळ्यात पाय ओले आणि उन्हाळ्यात कोरडे, दोन्ही सोसणारी ही मंडळी आहेत. चालायची वाट उंच बाजूनं न्या आणि मुरुमाची करा, धुमसून. गुडघ्यालाही काँक्रीटपेक्षा तीच बरी. हिरवळ हवीच असेल तर दोन गुंठे करा, तीही विकतच्या लादीची नको, आपली हरळी. महिनाभर पाणी तुटलं तरी ती मरत नाही, पिवळी पडते आणि वळीव झाला की परत उठते.

कारंज्याबद्दल काय बोलू? गावातली चालू कारंजी मोजा आणि बंद मोजा.

दर पावसाळ्यात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी असतं. जवळच्या रिकाम्या जागेत मोठी बाग केली तर पाणी कमी होईल असं कुणी सांगितलं. खरं का? — गृहिणी, शहापूर

ताई, आधी स्पष्ट सांगतो. ऑगस्ट २०१९ सारखा पाऊस झाला तर कुठलीच बाग तुम्हाला वाचवणार नाही. पण तासभराच्या धुवाधार सरीनं जे पाणी चढतं, त्यातलं काही नक्की अडवता येतं. ते कसं, हे कळायला शहापूर, वडगाव, येळ्ळूरची शिवारं आठवायला लागतील.

तिथल्या भातखाचरांना बांध असतात. एका एकराच्या खाचरात बांधाआड नुसतं १५ सें.मी. पाणी उभं राहिलं तरी ते सहा लाख लिटर होतं. पेरणीसाठी म्हणून शेतकऱ्यानं घातलेला बांध शहराची फुकट टाकी होता. खाचर बुजवून, चार फूट भराव टाकून प्लॉट पाडले की ते सहा लाख लिटर कुठं तरी जाणारच. ते बळ्ळारी नाल्यात जातं, नाला आधीच फुगलेला, म्हणून ते तुमच्या गल्लीत येतं. वर नव्या प्लॉटवाले म्हणतात आमच्याकडे पाणी साठत नाही, जागा उंच आहे!

बागेनं करायचं काम तेच, जे खाचर करत होतं. रिकामी जागा भराव घालून उंच करायची नाही, उलट एक फूट खाली घ्यायची. दहा गुंठ्यांचं मैदान एक फूट खोल केलं, भोवती बसायला पायऱ्या केल्या, तर त्यात तीन लाख लिटर पाणी काही तास थांबतं आणि तळाच्या लहान पाइपातून सावकाश उतरतं. वर्षातले थोडे दिवस ते तळं, बाकी दिवस खेळायचं मैदान. पाइप मुद्दाम लहान ठेवायचा. ठेकेदार हमखास मोठा घालतो आणि 'निचरा चांगला केलाय' म्हणून सांगतो. मग खोलगट केल्याचा उपयोगच राहत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. या मैदानात फक्त छपरांचं आणि रस्त्याचं पावसाचं पाणी घ्यायचं. नाल्याचं पाणी आत येता कामा नये, कारण त्यात सांडपाणी असतं आणि दुसऱ्या दिवशी तिथं पोरं खेळणार असतात. आणि नाल्याच्या कडेनं 'सुशोभीकरण' म्हणून काँक्रीटची उभी भिंत निघाली तर हरकत घ्या. भिंतीमुळं पाणी वेगानं पळतं आणि खालच्या वस्तीवर आदळतं. जाळीत दगड भरून टप्प्याटप्प्याचा उतार, त्यात करंज, वाळुंज, उंबर. काठ धरून ठेवायचं काम मुळं करतात.

निपाणीजवळ शाळेच्या मैदानाकडेनं झाडं लावायची आहेत. काळी जमीन आहे. खानापूरला रस्त्याकडेची झाडं इतकी सुंदर दिसतात, तीच लावावीत का? — मुख्याध्यापिका

बाई, मोह आवरा. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी भागात ३,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो आणि अथणीकडं ५००-६००. जिल्हा एकच, पण झाडांच्या दृष्टीनं दोन मुलुख. जांभ्या दगडावर वाढलेलं झाड काळ्या मातीत गुदमरतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात खणलेला खड्डा बादलीसारखा भरून राहतो. रोपं उन्हानं मरतात असं आपण समजतो. पुष्कळशी पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजून गेलेली असतात, नुसती कळायला मार्च उजाडतो. म्हणून खड्ड्यात नको, हातभर रुंद वरंब्यावर लावा.

करंज, कडुनिंब, चिंच, शिरीष, जांभूळ. ओढ्याकडेला अर्जुन. एवढ्यात तुमचं मैदान भरेल. नर्सरीत मराठी नावं सांगून कधी कधी भलतंच रोप हाती पडतं, तेव्हा कन्नड नावं लिहून न्या: करंज म्हणजे होंगे, कडुनिंब बेवु, जांभूळ नेरळे, अर्जुन होळेमत्ती. वन खात्याच्या रोपवाटिकेत जूनमध्ये रोपं स्वस्तात मिळतात, पण कमरेएवढं रोप मागा. वीतभर रोपाला शाळेच्या मैदानावर भवितव्य नाही, पहिला फुटबॉल त्याचाच.

गुलमोहर? मूळचा मादागास्करचा, फांद्या ठिसूळ. वळिवाच्या वाऱ्यात तो पहिला मोडतो. मुलं खाली खेळणार असतील तर नकोच. आणि कुणी झटपट हिरवं म्हणून कोनोकार्पस गळ्यात मारायला आलं तर त्यांना सांगा, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय.

आमच्या चौकातल्या जुन्या वडाभोवती खोडाला चिकटून पेव्हर बसवलेत. दोन वर्षांत एक बाजू वाळली. आता काही करता येईल? — दुकानदार, कॅम्प

येईल, पण या पावसाळ्याच्या आत. झाडाची खाणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. पेव्हरच्या फटीतून पाणी जातं असं सांगतात, पण त्याखाली काँक्रीटचा थर असेल तर फटी नुसत्या शोभेच्या. खोडापासून निदान एक मीटर जागा मोकळी करा. दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये एवढंच अंतर मोकळं ठेवायला सांगितलं होतं, अर्ज करताना त्याचा उल्लेख करा. वडाला खरं तर तीन-चार मीटर द्यावेत. जेसीबी लावू नका, पहारीनं हातानं काढा. मग शेणखत आणि त्याच झाडाचा पालापाचोळा पसरा, झाडून गोळा करू नका.

पार बांधायचा असेल तर जुन्या पारांसारखा, सिमेंट न घालता रचलेल्या चिऱ्यांचा. आत मातीचा भराव घालून खोड पुरू नका, साल कुजते. आणि कुणी 'धोकादायक' म्हणून वड तोडायला निघालं तर १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आमच्या मंडळाच्या चौकात नवीन फरशी घातलीय. मांडवासाठी खड्डे पाडले तर अधिकारी ओरडतात, न पाडले तर मांडव कसा घालायचा? — गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता

हा माझा आवडता प्रश्न, कारण चूक तुमची नाही. चौक आखणाऱ्याला भाद्रपद ठाऊक नव्हता. बेळगावात चौक आखायचा आणि मांडव, शिवजयंतीचे चित्ररथ, आठवड्याचा बाजार लक्षात घ्यायचा नाही, म्हणजे स्वयंपाकघर बांधून चुलीला जागा न ठेवण्यासारखं आहे.

उपाय स्वस्त आहे. मांडवाची मापं ठरलेली असतात. त्या मापानं फरशीत दीड-दोन फुटांचे लोखंडी पाइपचे तुकडे उभे पुरायचे, तोंडाला फरशीच्या पातळीत झाकण. उत्सवात झाकण काढून खांब रोवा, उरलेलं वर्ष झाकून ठेवा. पाइपाच्या तळाशी खडी टाकायला विसरू नका, नाही तर आत पाणी साठून डास होतात. बाजूला एक वीजजोड आणि एक नळ घ्या. मोठ्या खांबांसाठी बांबू चालत नसेल तर पाइप जाडीचा घ्यावा लागेल, तेवढं मांडववाल्याला आधीच विचारा.

चित्ररथांचंही सांगून ठेवतो. वैशाखात मिरवणुकीच्या आदल्या दिवशी फांद्या छाटायची जी धांदल उडते, त्यात ऐन उन्हाच्या महिन्यात रस्ता उघडा पडतो. मिरवणुकीच्या मार्गावर सरळसोट खोडाची झाडं लावा आणि लहानपणीच, माघ महिन्याच्या सुमारास, खालच्या फांद्या काढत जा. सात-आठ वर्षांत फांद्या पंधरा-सोळा फुटांच्या वर जातात, खालून रथ जातो आणि वर सावलीही राहते.

खानापूरला गावाबाहेरच्या माळावर मियावाकी जंगल करायचं आमच्या ग्रुपनं ठरवलंय. मार्गदर्शन करा. — महाविद्यालयीन विद्यार्थी

माळावर नको. चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीनं लावायची ही पद्धत जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची. उजाड झालेल्या शहरी कोपऱ्यात ती शोभते. पण तुमचा माळ उजाड नाही, तो गवताळ आहे. पावसाळ्यात त्यावर तेरडा फुलतो, टिटवी तिथंच अंडी घालते. ग्रुपचा उत्साह बस स्टँडमागच्या कचऱ्याच्या जागेत लावा, फळ दिसेल.

बाग तयार झाली. आता सकाळी दहा ते दुपारी चार कुलूप असतं. का, हे कुणी सांगत नाही. — यंत्रमाग कामगार, खासबाग

दादा, कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की माळी एक आहे आणि तो सकाळ-संध्याकाळ येतो. काही ठिकाणी जोडप्यांची भीती, काही ठिकाणी पत्त्यांच्या अड्ड्याची. मला दोन्ही पटत नाहीत. माणसं असली की जागा आपोआप सांभाळली जाते, ओस पडली की बिघडते. मागावर उभं राहणाऱ्याला दुपारच्या सुट्टीत अर्धा तास सावली लागते आणि बाग नेमकी तेव्हाच बंद.

लेखी अर्ज द्या, वॉर्डातल्या पन्नास सह्या घ्या, त्यात मागावरच्या बायकांच्या निदान वीस असू द्या. अर्जात वेळ 'सकाळी सहा ते रात्री आठ' अशी स्पष्ट मागा. आणि किल्ली समोरच्या चहावाल्याकडं ठेवायची सूचनाही त्यातच करा, दिवसभर तो तिथं असतोच.