क्लोजर (प्रोग्रॅमिंगची भाषा) : चूक पाचव्या ओळीवर असली तरी एरर मॅक्रोच्या कॉलची पहिलीच ओळ का दाखवते?

मॅक्रोच्या (कोड घेऊन नवा कोड बनवणाऱ्या तुकड्याच्या) आत तुम्ही कोडची जी यादी नव्याने बांधता, तिला मूळ यादीचा मेटाडेटा, म्हणजे तिच्यासोबत ठेवलेली जादा माहिती, 'विथ-मेटा' वापरून परत चिकटवा, म्हणजे खरी ओळ दिसेल. क्लोजरचा रीडर कोड वाचतानाच प्रत्येक यादीवर :लाइन आणि :कॉलम नोंदवून ठेवतो. बॅकक्वोटने (कोडचा साचा लिहिण्याच्या ` या खुणेने) किंवा 'मॅप'ने तयार झालेल्या नव्या यादीवर मात्र ही नोंद नसते. मग कंपायलर बाहेरच्या फॉर्मची (कोडच्या तुकड्याची), म्हणजे मॅक्रोच्या कॉलची, ओळ धरतो. वापरणाऱ्याने दिलेला तुकडा ~ (साच्यात मूल्य भरण्याची खूण) लावून जसाच्या तसा आत ठेवलात, तर काहीच हरवत नाही. तो मोडून पुन्हा जोडलात की हरवतं. भाषेतल्या, पायऱ्या एकापुढे एक जोडणाऱ्या '->' मॅक्रोचा सोर्स उघडून पाहा, अगदी वाचण्यासारखा आहे. प्रत्येक पायरीची यादी नवी बांधली की लगेच तिथे हे केलेलं दिसेल:

(विथ-मेटा नवी-यादी (मेटा फॉर्म))

इथे 'फॉर्म' म्हणजे ती एक पायरी. अख्ख्या कॉलचा '&फॉर्म' सगळीकडे चिकटवलात तर पुन्हा पहिलीच ओळ येईल. स्वतः एरर फेकायची असेल तेव्हा मात्र '&फॉर्म'चाच मेटाडेटा घ्या.

एक मर्यादा: आकडे, स्ट्रिंग आणि कीवर्ड यांना मेटाडेटा जोडताच येत नाही आणि सुट्या सिम्बॉलवर (नावांवर) रीडर ओळ लिहीत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी भोवतालच्या यादीचीच ओळ मिळते. रॅकेट या दुसऱ्या भाषेत ही अडचण नाही, कारण तिथे आकडासुद्धा स्वतःचं स्थान सांगणाऱ्या सिंटॅक्स ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेला असतो.