हलक्या बुटांनी खेळ खरोखर चपळ होतो का?

प्रश्न : मी सोलापूरच्या एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेत खेळाची आखणी करणारी खेळाडू, म्हणून खेळते. माझी उंची ५ फूट ३ इंच असून वजन ५२ किलो आहे. माझ्या खेळाची सारी भिस्त पहिल्या दोन पावलांच्या वेगावर, एकदम थांबण्यावर आणि दिशा बदलण्यावर आहे. आजवर मी घोट्याच्या वर येणारे जाड बूट वापरले. आता दुकानदाराने घोट्याखाली राहणारा, अतिशय हलका आणि ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पायाखाली चटकन उसळणारा, बूट सुचवला आहे. त्याची किंमत माझ्या जुन्या बुटांच्या जवळजवळ दुप्पट आहे. सराव सिमेंटच्या कोर्टवर होतो, स्पर्धा कधी सिंथेटिक तर कधी लाकडी कोर्टवर असतात. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा घोटा मुरगळला होता. या बुटाने वेग वाढेल का, घोटा सुरक्षित राहील का आणि दुकानात तो पारखावा कसा?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला रुचणार नाही. बूट हलका आहे एवढ्याच कारणाने तुमचा वेग वाढेल, असे मानण्यास फारसा आधार नाही. तो वाढलाच तर सोलची पकड, बुटात घट्ट बसलेला पाय आणि चवड्याखालचा पातळ पण चटकन उसळणारा थर यांमुळे वाढेल. आणि हे तिन्ही गुण हलक्या बुटात असतातच असे नाही.

हलकेपणाची चढाओढ गेल्या काही वर्षांत फार वाढली. नायकीने २००८ साली आणलेला ‘हायपरडंक’ सुमारे १३ औंसांचा, म्हणजे ३७० ग्रॅमच्या आसपास होता आणि त्या काळी तो हलका गणला गेला. २०११ मध्ये आदिदासने ‘क्रेझी लाइट’ ९.८ औंसांवर, म्हणजे सुमारे २७८ ग्रॅमवर आणला आणि जाहिरातीचा भर त्या आकड्यावरच ठेवला. असे आकडे पुढे आले की खेळाडू दुकानात बूट पायात घालण्याआधी हातात तोलून पाहू लागतात, आणि तिथेच फसगत सुरू होते. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात बास्केटबॉल खेळाडूंना वेगवेगळ्या वजनाचे, वेगवेगळ्या पकडीचे आणि चवड्यापाशी कमी-अधिक ताठ असलेले बूट घालून धावायला, उडी मारायला आणि दिशा बदलायला लावले; तेव्हा वजन घटवल्याने कामगिरीत फरक पडला नाही, पकड वाढवल्यावर मात्र तो स्पष्ट दिसला.

पुढच्याच वर्षी तेथूनच आलेला दुसरा प्रयोग अधिक गमतीचा आहे. एका गटाला बुटांच्या वजनातला फरक आधी सांगितला होता, दुसऱ्या गटाला तो कळू दिला नव्हता. ज्यांना ठाऊक होते ते हलक्या बुटांत अधिक उंच उडाले आणि आडवे सरकतानाही अधिक वेगवान ठरले. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यात फरक आढळला नाही. मनाला मिळणारी ही उभारी मी तुच्छ लेखत नाही, सामन्यात तिचाही उपयोग होतो; पण तिच्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत का, हे तुम्ही ठरवायचे आहे. लांब पल्ल्याच्या धावण्यात प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो, हे खरे आहे. मात्र २८ मीटर लांबीच्या कोर्टवर क्षणोक्षणी थांबत आणि वळत खेळताना तो हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून पारख सोलपासून सुरू करावी. बूट उलटा करून पाहा : माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी, जिला कोर्टवर सगळे ‘हेरिंगबोन’ म्हणतात, ती चवड्याच्या संपूर्ण रुंदीवर आणि अंगठ्याच्या आतल्या कडेपर्यंत आहे का? क्रॉसओव्हर करताना, म्हणजे चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात नेत एकदम दिशा बदलताना, किंवा डिफेन्समध्ये आडवे सरकताना तुमचे सगळे वजन त्या आतल्या कडेवर येते, आणि अनेक देखण्या बुटांची नक्षी नेमकी तिथे गुळगुळीत झालेली असते. खाचा फार बारीक आणि उथळ असतील तर धूळ त्यांत अडकून बसते. लाकडी कोर्टवर दर दोन मिनिटांनी बुटाचा तळवा हाताने पुसणारे खेळाडू तुम्ही पाहिले असतील; पुष्कळदा तो अशाच सोलचा परिणाम असतो. आपल्याकडच्या सभागृहांत कोर्ट रोज पुसले जातेच असे नाही, तेव्हा रुंद आणि खोल खाचांचा सोल निवडणे शहाणपणाचे.

पकडीनंतर येतो बुटातला पाय. एकदम थांबल्यावर बूट थांबतो, पण आतला पाय अर्धा सेंटिमीटर पुढे सरकतो आणि अंगठा टोकावर आदळतो. ही सरक ज्या बुटात आहे तो कितीही हलका असला तरी चपळ खेळाडूच्या कामाचा नाही, कारण पुढचे पाऊल टाकण्याआधी पायाला पुन्हा जागेवर यावे लागते. वजन कमी करण्यासाठी वरचा भाग विणलेल्या कापडाचा करतात. ते कापड ताणले जात असेल तर आडव्या धक्क्यात पाय सोलच्या कडेबाहेर झुकतो. म्हणून करंगळीच्या बाजूला कापडाला आतून किंवा बाहेरून आधार आहे का आणि तिथे सोल थोडा बाहेर आलेला आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. दुकानात बहुधा पुरुषांच्या साच्याचेच लहान नंबर मिळतात. पुरुषांचा अमेरिकी नंबर महिलांच्या नंबरपेक्षा साधारण दीडने कमी असतो, एवढे गणित दुकानदार करून देतो. पण स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, याकडे कोणी लक्ष देत नाही. परिणामी चवडा नीट बसतो आणि टाच वर-खाली होत राहते. शेवटच्या जादा भोकातून लेस ओवून टाच आवळण्याची पद्धत बऱ्याच वेळा कामी येते. तरीही टाच उचलली जात असेल तर तो बूट सोडून द्यावा.

आता ‘रिस्पॉन्सिव्ह’ या गुणाविषयी. कोणताही मिडसोल, म्हणजे पाय आणि तळाचे रबर यांमधला गादीचा थर, तुम्ही दिलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा परत देत नाही. चांगला मिडसोल ती कमी वाया घालवतो आणि लवकर परत करतो, इतकेच. ईव्हीए या प्लास्टिकचा साधा फोम हलका आणि स्वस्त असतो, पण वापराने बसत जातो. आदिदासने बीएएसएफ या रसायन कंपनीबरोबर विकसित करून २०१३ साली बाजारात आणलेला ‘बूस्ट’ हा टीपीयू या लवचीक प्लास्टिकचे फुगवलेले दाणे एकत्र जोडून केलेला फोम आहे. त्याची उसळी टिकते, पण तो जड असतो. नायकीच्या ‘झूम एअर’मध्ये दाबाखालच्या हवेच्या चपट्या पिशवीत ताणलेले धागे असतात आणि ते दबले की झटकन मूळ जागी येतात. चवड्याखाली अशी पिशवी असलेला पातळ बूट तुमच्यासारख्या गार्डना पसंत पडतो, हे स्वाभाविक आहे.

माझी शंका वेगळी आहे. बहुतेक बूट तुमच्यापेक्षा बऱ्याच जड पुरुष खेळाडूंचा विचार करून घडवलेले असतात. ८५ किलोच्या खेळाडूला जो फोम उसळता वाटतो, तो ५२ किलोच्या खेळाडूच्या पायाखाली पुरेसा दबतच नाही आणि फळीसारखा कडक लागतो. त्यामुळे एखाद्या उंच, वजनदार खेळाडूने केलेली स्तुती तुमच्या उपयोगाची नाही; आपल्या बांध्याच्या खेळाडूला विचारा. चवड्यावर उभे राहून हलक्या उड्या मारल्या असता तळवा दबल्याचे जाणवले पाहिजे आणि जमिनीचा अंदाजही सुटता कामा नये.

घोट्याच्या प्रश्नाला थोडा वेळ द्यायला हवा, कारण तुमच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बुटाची उंची घोट्याला वाचवते, हा समज जुना आणि चिवट आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन पातळीवरच्या ६२२ खेळाडूंना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे उंच आणि ठेंगणे बूट वाटून दिले होते. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेचा नामवंत गार्ड कोबी ब्रायंटने २००८-०९ च्या हंगामात फुटबॉलच्या बुटांवरून सुचलेला ठेंगणा ‘कोबी ४’ घातला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. आज गार्डच्या पायात ठेंगणा बूट दिसला तर कोणालाही नवल वाटत नाही.

खरी जोखीम दुसरीकडे आहे. ऑस्ट्रेलियातील २००१ च्या अभ्यासात ज्यांचा घोटा पूर्वी दुखावला होता, त्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास पाचपट आढळली. तुम्ही या गटात मोडता. त्याच अभ्यासात टाचेत हवेचे कप्पे असलेल्या बुटांशी घोट्याच्या दुखापतींचा संबंध दिसला होता. ते बूट त्या काळचे होते, त्यामुळे त्यावरून आजचा प्रत्येक बूट नाकारणे योग्य नाही. तरी टाच उंचावर आणि मऊ गादीवर ठेवणारा बूट तुम्ही टाळावा, असे मी सांगेन. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १,४६० शालेय खेळाडूंवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेस बांधायचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याभोवतीचा आधारपट्टा, वापरणाऱ्यांमध्ये घोट्याच्या दुखापती न वापरणाऱ्यांच्या साधारण एक-तृतीयांश इतक्याच झाल्या. अमेरिकेचा नामवंत गार्ड स्टीफन करी याला २०११-१२ च्या हंगामात घोट्याच्या दुखापतींमुळे केवळ २६ सामने खेळता आले होते. पुढे तोही ब्रेस बांधूनच खेळत राहिला आणि त्याच्या चपळाईत काही उणे आले नाही. तेव्हा ठेंगणा बूट घ्यायला हरकत नाही, पण ब्रेससह. शिवाय एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना घालता तेच मोजे आणि ब्रेस बरोबर न्यावा. ब्रेसवर न बसणारा बूट घरी आणून उपयोग नाही. दोन्ही पायांत बूट घालून लेस पूर्ण बांधा, अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागा आहे का ते पाहा आणि मग दोन पावले धावून थांबा, डावी-उजवीकडे सरका, टाच वळवून पाहा. बूट हातात धरून पिळलात तर तो मधोमध वळू नये, वाकवलात तर चवड्याच्या सांध्यापाशीच वाकावा. दुकानातली गुळगुळीत फरशी पकडीविषयी काहीही सांगत नाही, त्यामुळे परत घेण्याची अट आधी विचारून ठेवा.

दुप्पट किमतीविषयी माझे मत असे : हा बूट केवळ सामन्यांसाठी घेणार असाल तर घ्या, रोज सिमेंटवर घासणार असाल तर घेऊ नका. गेल्या वर्षीचे मॉडेल सवलतीत मिळत असेल तर नव्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या क्लबची मुले वर्षभर सिमेंटच्या उघड्या कोर्टवर खेळतात. हलके बूट तीन-चार महिन्यांत तळातून झिजतात. काही मुले बॅडमिंटनचे, तर काही धावण्याचे बूट वापरतात. ते चालेल का? (एक प्रशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : वजन वाचवण्याचा एक मार्ग सोलचे रबर पातळ किंवा मऊ करणे हा आहे, आणि सिमेंट त्याची किंमत लगेच वसूल करते. २०२० साली आलेल्या, स्टीफन करीच्या नावाच्या ‘करी ८’ बुटामध्ये तर वेगळे रबर जवळजवळ काढूनच टाकले होते आणि फोमच जमिनीला टेकत होता. लाकडावर त्याची पकड वाखाणली गेली, पण तुमच्या कोर्टसाठी ती रचना नाही. खडबडीत सिमेंट पकड स्वतःच देते, म्हणून तुमच्या मुलांनी टणक आणि जाड रबराचा सोल पाहावा. नायकीच्या काही बुटांच्या तळावर ‘एक्सडीआर’ अशी अक्षरे असतात, ती टिकाऊ रबराची खूण आहे. नखाने दाबल्यावर खाच सहज वाकत असेल तर तो सोल फार काळ टिकणार नाही.

बॅडमिंटनच्या बुटांचा गम सोल लाकडासाठी आणि सिंथेटिक मॅटसाठी असतो. सिमेंटवर तो आणखी लवकर झिजतो, पण आडव्या हालचालीत निदान आधार तरी देतो. धावण्याचे बूट मात्र बंद करा. त्यांची रचना सरळ रेषेतल्या हालचालीसाठी असते, टाच उंच आणि मऊ असते, आणि जोरात आडवे वळताना पाय कडेवरून कलंडतो.

प्रश्न : माझा मुलगा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, म्हणून खेळतो. उंची ६ फूट २ इंच, वजन ९५ किलो. संघातल्या गार्डने घेतलेला हलका बूटच त्यालाही हवा आहे. (एक पालक, नाशिक)

उत्तर : घेऊ नये. पातळ चवडा आणि विणलेला वरचा भाग असलेला बूट हलक्या, वळणाऱ्या खेळाडूसाठी असतो. रिबाउंडनंतर, म्हणजे हुकलेला चेंडू उडी मारून पकडल्यावर, ९५ किलो वजन खाली येते तेव्हा त्याला जाड कुशन, रुंद तळ आणि मजबूत टाच लागते. २० फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू झायन विल्यमसन याचा बूट सामना सुरू होऊन मिनिटही झाले नसताना फाटला आणि त्याचा गुडघा दुखावला. तो सुमारे १३० किलोचा होता आणि त्याच्या पायात त्याच्यापेक्षा कितीतरी सडपातळ असलेल्या पॉल जॉर्ज या खेळाडूच्या नावाचा बूट होता. त्या एका घटनेवरून कोणत्याही बुटावर दोष ठेवता येत नाही. पण मुलाला समजावताना ती सांगायला हरकत नाही. त्याच गार्डच्या बुटाच्या रंगाचा, पण जाड मिडसोलचा जोड शोधलात तर कदाचित तडजोड होईल.