एचआयव्हीसाठी निधी मर्यादित असेल, तर प्रतिबंध, तपासणी आणि उपचार यांपैकी प्राधान्य कशाला द्यावे?

मी आरोग्य नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो आणि निधीवाटपाच्या बैठकांत हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत ऐकत आलो आहे. माझे मत असे की, या तिन्हींत निवड करण्यापूर्वी आपल्या भागातील माणसे नेमकी कोणत्या टप्प्यावर गळतात हे शोधावे आणि पैसा आधी तेथे लावावा.

यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे ९५-९५-९५ हे उद्दिष्ट आपणांस ठाऊक असेल: एचआयव्हीसह जगणाऱ्या ९५ टक्के लोकांना आपल्या संसर्गाची माहिती असावी, त्यांतील ९५ टक्के उपचार घेत असावेत आणि उपचार घेणाऱ्यांतील ९५ टक्के लोकांचा विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, आटोक्यात असावा. तिन्ही टप्पे गाठले तरी गुणाकार सुमारे ८६ टक्के येतो. त्यातला एकच टप्पा ७० टक्क्यांवर अडला, तर तो थेट ६३ टक्क्यांवर उतरतो. त्यामुळे तपासण्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे एवढ्यावर समाधान मानणारा आराखडा मला अपुरा वाटतो.

उपचार आणि प्रतिबंध ही वेगळी खाती मानणेही आता शास्त्राला धरून नाही. जोडप्यातील एकाच व्यक्तीला संसर्ग असताना उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार द्यावेत अशी शिफारस केली. नियमित औषधांमुळे ज्यांचा विषाणू चाचणीत आढळत नाही, त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. हे वाक्य प्रत्येक समुपदेशकाने रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण त्याने माणसाच्या मनावरचे फार मोठे ओझे उतरते.

गळती बहुधा निदान आणि पहिल्या गोळीच्या मध्ये होते. चाचणी एका इमारतीत, खात्रीची चाचणी दुसरीकडे, औषधे तिसरीकडे आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने नोंदणी, अशी व्यवस्था असली की नुकताच धक्का बसलेला माणूस चिठ्ठी खिशात घालून घरी जातो तो परत येत नाही. औषधांच्या खिडकीवर आजाराचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असेल आणि रांगेत ओळखीचा चेहरा दिसला, तर तो दारातूनच मागे फिरतो. ही पाटी काढायला निधी लागत नाही. रुग्णाची तयारी असल्यास निदानाच्याच दिवशी औषध सुरू करावे, एकाच कर्मचाऱ्याने त्याला पुढच्या खोलीपर्यंत सोबत न्यावे आणि प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन ते सहा महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. या साध्या बदलांचा उपयोग मोठ्या जाहिरात मोहिमेहून अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

चाचणी नकारात्मक आलेल्यांना मात्र बहुतेक आराखडे विसरतात. अलीकडेच जोखीम घडली असेल, तर विंडो पिरियडमुळे, म्हणजे संसर्ग होऊनही चाचणीत न दिसण्याच्या सुरुवातीच्या काळामुळे, चाचणी पुन्हा करावी लागते, याची तारीख त्याच भेटीत ठरली पाहिजे. जोखीम कायम असलेल्यांना कंडोमसोबत प्रेपची, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या औषधांची, सोय हवी. सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया हव्यात. संसर्गाची शक्यता नुकतीच घडली असल्यास ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधे रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही मिळायला हवीत. गर्भवतींच्या तपासणीला कात्री लावू नये: उपाय न केल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, तर वेळीच उपचार मिळाल्यास ते पाच टक्क्यांच्या खाली येते.

म्हणून तरतुदीचे आकडे मांडण्याआधी मागील वर्षी निदान झालेल्यांची नोंदवही, गोपनीयता सांभाळून, शेवटपर्यंत वाचून काढा: किती जणांनी औषध सुरू केले, सहा महिन्यांनी विषाणूभाराची चाचणी किती जणांची झाली, आणि किती जणांचा अहवाल त्यांच्या हाती पडला. मग तेच आकडे एचआयव्हीसह जगणाऱ्या स्थानिक लोकांसमोर ठेवा आणि माणसे मध्येच का थांबली, हे त्यांना विचारा. नोंदवहीत न उतरलेली कारणे त्यांना माहीत असतात, आणि पहिला खर्च कोठे करायचा हे त्यांतूनच ठरवावे.