फ्लॅट विकताना सोसायटी एनओसीसाठी देणगी मागते, द्यावी का?

देऊ नका.

तुम्ही लिहिलंय, घेणाऱ्याचं लोन अडकलंय, कमिटीतली माणसं ओळखीची आहेत, तर लाखभर देऊन मोकळं व्हावं का. आमचा दादाही डोंबिवलीत बसून अगदी हेच म्हणत होता. "देऊन टाक गं, आपल्याला परत तिथं राहायचंय का?" म्हणून हे उत्तर लिहितेय.

आईचा फ्लॅट चिपळूणला लागून खेर्डीत, तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली, खिडक्या बुडाल्या. त्यानंतर तिकडे तळमजल्याला गिऱ्हाईक मिळणं म्हणजे नवसच. आई माझ्याकडे कुडाळला आली आणि बऱ्याच काळानं एक शिक्षक जोडपं फ्लॅट घ्यायला तयार झालं, तेही बँकेच्या कर्जावर. बँकेला हवी एनओसी, म्हणजे सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र. सेक्रेटरी म्हणाले, आधी पूर दुरुस्ती निधीचे पाऊण लाख भरा. पंप आणि मीटर खोलीच्या दुरुस्तीचा वाटा आईनं तेव्हाच भरला होता, पावतीही होती. मी निधीचा ठराव मागितला. उत्तर काय, तर मिनिट बुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही, पुरात गेलं! पुरानंतरच्या निधीचा ठराव पुरात वाहून गेला, हे मला तोंडावर सांगितलं, आणि खुर्चीतली बाकीची मंडळी माना डोलवत होती.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारनं गृहनिर्माण सोसायट्यांसाठी घालून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट हस्तांतराला सोसायटीची एनओसी लागतच नाही. ती लागते बँकेला, आणि हीच नाडी कमिटीच्या हातात असते. मात्र तुम्ही अर्ज केलात की महिनाभरात त्यावर विचार करणं कमिटीवर आहे. हस्तांतर फी ५०० रुपये, घेणाऱ्याची प्रवेश फी १००. प्रीमियमला, म्हणजे हस्तांतरासाठी फीशिवाय सोसायटी घेते त्या रकमेला, ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकानं मर्यादा घातलीय: महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००, नगरपालिकेत वर्गाप्रमाणे २०,००० ते १०,०००, ग्रामपंचायतीत ५,०००. देणगी, निधी, वर्गणी, कुठल्याही नावानं याच्यावर मागता येत नाही. खेर्डी ग्रामपंचायत. म्हणजे ५,०००.

मी आईच्या सहीचा अर्ज दिला. सेक्रेटरी पोच देईनात, म्हणून तोच पोस्टानं पाठवला आणि प्रत तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे. तिथून सोसायटीला खुलासा मागणारं पत्र गेलं आणि एनओसी आली. दादा अजून म्हणतो, तेवढ्यात गिऱ्हाईक पळालं असतं तर? पळालं नाही ना! आणि पळालं असतं तरी पाऊण लाख कोणाच्या खिशातून जाणार होते? आईच्या पेन्शनीतून. "गावात वैर नको" म्हणणारे दर गणपतीला दोन दिवस येऊन जातात, सोसायटीच्या मीटिंगला नव्हे.

तुमचं एवढंच की अर्ज लेखी द्या, तोंडी काही ठरवू नका. घेणाऱ्याचा सदस्यत्वाचा अर्ज तीन महिने निकाली निघाला नाही, तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो सदस्य मानला जातो, त्यासाठी निबंधकांकडे जाता येतं. हे घेणाऱ्यालाही सांगून ठेवा, म्हणजे त्याचा धीर सुटत नाही.

हो, मेंटेनन्स खरंच थकला असेल तर आधी भरा, तिथं कमिटी बरोबर आहे. व्याज मात्र सरळव्याजानं २१ टक्क्यांच्या वर लावलं असेल तर हिशेब मागा.

आणि आधी एक बघा, तुमची सोसायटी सहकारी म्हणून नोंदलेली आहे ना? आपल्याकडच्या बऱ्याच लहान इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथं वरचं परिपत्रक चालत नाही, डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणल्याचा नोंदलेला दस्त) आणि त्याला जोडलेले उपविधी काढून वाचावे लागतील.