नाणं घासण्याआधी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आजीच्या ट्रंकेत शिवराई सापडली. महाराजांच्या काळातलीच असेल ना? चिंचेने घासून फोटो पाठवतो. (सातारा)

कृपा करून घासू नका! तांब्यावरचा तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे, त्यानेच आतला धातू इतकी वर्षं जपलाय. चिंच-लिंबू लावलं की नाणं लखलखतं, पण अक्षरांच्या कडा कायमच्या जातात आणि ओळख पटते ती त्या कडांवरूनच. घासून घासून गुळगुळीत झालेली शिवराई हातात आली की जीव कळवळतो.

नुसत्या मजकुरावरून काळ ठरत नाही. एकीकडे तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्र पति’ हा मजकूर पेशवाईतल्या टांकसाळींनीही चालूच ठेवला होता. म्हणून आधी सोनाराच्या काट्यावर वजन करा. महाराजांच्या काळातली शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. तिची अक्षरं ठसठशीत असतात आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ असतं. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या, तर ती दुदांडी: नंतरची, वजनाला हलकी. या नंतरच्या नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं बाहेरच राहतात. दुदांडी निघाली तरी हिरमुसू नका. बाजारहाटात हजारो हातांतून फिरलेलं हे नाणं मला फार जवळचं वाटतं.

आजोळी चांदीची जाड तार मिळाली, केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली. वर फारसी अक्षरं आहेत. दागिना आहे का? (रत्नागिरी)

ही लारी, म्हणजे चक्क नाणं! इराणमधल्या लार शहरावरून हे नाव पडलं. समुद्री व्यापारात ती चालायची, म्हणून आदिलशाहीनेही स्वतःची लारी पाडली. तारेवर ठसा मारल्यामुळे मजकुराची अरुंद पट्टीच काय ती उमटते. भिंगातून हिजरी सन दिसला, तर त्याला ०.९७ने गुणा आणि ६२२ मिळवा. १०७१ म्हणजे इसवी सन १६६०-६१, तेव्हा विजापूरच्या गादीवर दुसरा अली आदिलशाह होता. तार सरळ करायला मात्र जाऊ नका, मोडेल.

नांगरताना मडक्यात नाणी निघाली. घरचे म्हणतात, कुणाला सांगू नकोस. (नाशिक)

सांगावंच लागेल. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. आणि तुमच्याच जिल्ह्यातलं जोगळटेंभी आठवा. १९०६मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्य, म्हणजे कमानींची टेकडी, आणि पाठीमागे उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली! हरलेल्या राजाचं चलन जिंकणाऱ्याने कसं आपलंसं केलं, ते एकेका सुट्या नाण्यातून एवढं स्पष्ट झालं नसतं. ढीग एकत्र होता, म्हणून ते प्रमाण कळलं. तेव्हा नाणी वाटून घेऊ नका, धुऊ नका. मडक्याच्या खापऱ्यांसकट ठेवा आणि नेमकी जागा लिहून ठेवा.

१८१८चं, रामदरबार असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं कोटींना जातं म्हणे? (पुणे)

कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ती पूजेसाठी केलेली नाण्यासारखी चकती आहे, देव्हाऱ्यात खुशाल ठेवा. ‘विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला, तर एक रुपयाही देऊ नका.