दिल्ली-आग्रा-जयपूर टूर करून पुण्यात परतलोय, सुट्टीचे तीन दिवस उरलेत, आईबाबा सोबत आहेत, निवांत कुठे जावं?

सरळ वाईला जा, ९० किमीच्या आसपास आहे. महाबळेश्वर आत्ता नकोच, तिथे परत पॉइंट बघत पळापळ, आणि लोणावळ्याचं वीकेंडचं ट्रॅफिक तर तुम्हाला माहितीच आहे. कृष्णाकाठी साधा होमस्टे घ्या, दोन्ही रात्री तिथेच, म्हणजे बॅगा एकदाच उघडायच्या. सकाळी मेणवलीच्या घाटावर नुसतं बसा, नाना फडणवीसांचा वाडा तिथेच आहे आणि वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली घंटा पण, नीट बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. आम्ही राजस्थानहून आल्यावर हेच केलेलं, बाबा तर दुपारी जेवून जे झोपले ते थेट चहालाच उठले.