रोबोट हातमोजा, आजोबांचा उजवा हात आणि बारावीनंतरची वाट

विट्याहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. बारावी सायन्स, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं. सात महिन्यांपूर्वी आजोबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. मिरजेत उपचार झाले. आता ते काठी टेकत, पाय थोडा ओढत चालतात, पण उजवा हात कामाला येत नाही. फिजिओथेरपी विभागात तिने बोटांची उघडझाप करणारा रोबोट हातमोजा पाहिला आणि तेव्हापासून तो तिच्या डोक्यातून जात नाही. आई म्हणते फिजिओथेरपी घे. मामा म्हणतात, "पाच वर्षांनी हे सगळं मशीनच करणार, इंजिनिअर हो." तिला दोन्ही पटतं. आजोबांच्या व्यायामाची ती रोज वहीत नोंद ठेवते, हेही तिने शेवटी जाता जाता लिहिलंय.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याच्याकडे परत येऊ. आधी मामांचा मुद्दा.

तू पाहिलेला हातमोजा बहुधा हवेवर चालणारा असणार. छोटा पंप नळ्यांमध्ये हवा भरतो, बोटं मिटतात. हवा ओढून घेतो, बोटं उघडतात. सांधे मोकळे राहायला याचा उपयोग आहे. पण आजोबा टीव्ही बघत बसले आणि हातमोजा आपला चालू राहिला, तर मेंदू त्यातून फारसं शिकत नाही. हालचाल परत यायची तर रुग्णाने स्वतः ती करायचा प्रयत्न करावा लागतो, चुकत-माकत, पुन्हा पुन्हा, आणि रोज थोडं अवघड करत. म्हणून बऱ्या यंत्रांमध्ये 'गरजेपुरती मदत' असते. रुग्णाने जोर लावला की मोटर मागे हटते, तो अडला की पुढे सरकते.

तरीही यंत्र आलं म्हणून हात सुधारतोच असं नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर रॅटुल्स नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. आठवड्याला तीनदा, ४५ मिनिटं, १२ आठवडे रोबोटवर हाताचा व्यायाम. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या रोजच्या वापरात ठळक फरक पडला नाही. रोबोटवर हात छान सरकतो, पण लेंग्याची नाडी बांधायला वेगळं कसब लागतं, ते त्यात आलं नाही. तेव्हा मामांना सांग, पाच वर्षांत फिजिओथेरपिस्ट घरी बसत नाहीत.

मग यंत्र हवं कशाला? मोजायला आणि संख्या वाढवायला. उत्तर अमेरिकेतल्या, २००९ साली आलेल्या एका पाहणीत, थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकडो हालचालींनंतर. ही दरी एका थेरपिस्टच्या दोन हातांनी भरत नाही, कारण बाहेर बाकावर पुढचे रुग्ण बसलेले असतात. आणि घरी गेल्यावर कोण मोजतं? तुमच्या घरी तू मोजतेस.

आता मार्ग. तुझ्या आईने एक सांगितला, मामांनी दुसरा. मला चार दिसतात.

फिजिओथेरपी, म्हणजे बीपीटीएच. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर सीईटी कक्षामार्फत होतो. अभ्यासक्रम आतापर्यंत साडेचार वर्षांचा होता, पण नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची आहे, म्हणून तू पाच वर्षं धरून चाल. शासकीय आणि महापालिकेच्या जागा मोजक्या आहेत, मुंबईचं केईएम, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी. जवळ म्हणशील तर कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. ते अभिमत विद्यापीठ, तेव्हा त्याचं माहितीपत्रक वेगळं वाचायचं आणि फी आधी विचारायची. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, एमपीटी, न्यूरोमध्ये, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांत, केलीस की पक्षाघाताचे रुग्ण हेच तुझं काम. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगार बेताचाच असतो, हे आईला आत्ताच सांगून ठेव.

ऑक्युपेशनल थेरपी, बीओटीएच. तुझ्याकडच्या कुणी हिचं नाव घेतलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. आपल्या भागात ती फारशी माहीतच नाही. पण तुला वेड लागलंय ते हाताचं, आणि हात हा ऑक्युपेशनल थेरपीचा घरचा विषय. भाकरीचा तुकडा मोडताना अंगठा दोन बोटांसमोर येऊन दाबावा लागतो, त्याच वेळी मनगट किंचित मागे वळलेलं लागतं. मनगट खाली पडलं की पकड सुटते. तुझ्या आजोबांचं नेमकं कुठे अडतं, मनगटात की अंगठ्यात, हे शोधून त्याप्रमाणे सराव, खपची (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) किंवा जाड मुठीचा चमचा ठरवणं, हे त्यांचं काम. प्रवेश त्याच नीटवर, त्याच प्रक्रियेत.

प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, बीपीओ. कृत्रिम अवयव आणि आधार बनवणाऱ्यांचा अभ्यासक्रम, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे. मुंबईत हाजीअलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत तो चालतो. आजोबांचं पाऊल लोंबतं म्हणून त्यांना कदाचित एएफओ, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार, दिला असेल. पायाचा प्लास्टर साचा घेतात, ३ ते ५ मिलिमीटर जाड पॉलिप्रॉपिलीनची शीट ओव्हनमध्ये मऊ करून त्यावर ओढतात, थंड झाल्यावर कापून कडा घासतात. सोपं वाटतं. पण एएफओ बूट घालून चालण्याच्या हिशेबाने बनवला आणि माणूस घरात अनवाणी चालला, तर टाचेखालची उंची जाते, नडगी मागे कलते आणि गुडघा मागे ढकलला जातो. मग माणूस एएफओ कोपऱ्यात ठेवून देतो, आणि घरचे म्हणतात, "ऐकतच नाहीत." उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्या घरासाठी वेगळा विचार करणारी माणसं या धंद्यात फार थोडी आहेत.

चौथा मार्ग इंजिनिअरिंगचा. यात माझं मत स्पष्ट आहे, बारावीनंतर लगेच बायोमेडिकल शाखेच्या मागे धावू नकोस. पदवीला मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स पक्कं कर. सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी मिळालं तर घराजवळच भक्कम पाया मिळतो. एमएचटी-सीईटीचा गणिताचा गट त्यासाठी द्यावा लागेल. नंतर गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा. २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक चालवतात, त्यात इंजिनिअर रुग्णालयात बसून शिकतो. हाताच्या सरावासाठीचा 'प्लूटो' हा छोटा रोबोट सीएमसी वेल्लोर आणि आयआयटी मद्रास यांनीच बनवला. एकच मोटर, आणि मनगट, पंजा, पकड यासाठी वेगवेगळ्या मुठी बदलून लावायच्या. तो एकदा बघ. पाच लाख भागांचं यंत्र बनवायचं नसतं, हे त्यातून कळतं. मुंबईत आयआयटीत बेटिक नावाचं केंद्र आहे, तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून उपकरणं बनवतात. पण यंत्र बनवलं की विकता येतं असं नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार ए ते डी वर्ग ठरतो, बहुतेक उपकरणांना परवाना लागतो, विद्युत सुरक्षेच्या चाचण्या लागतात. चांगली यंत्रं इथे वर्षानुवर्षं अडकतात.

आता तुझी वही. परीक्षा संपल्यावर निकालापर्यंत जे दिवस मिळतील त्यात एक गोष्ट कर. एमपीयू-६०५० हा हालचाल टिपणारा सेन्सर आणि ईएसपी-३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घे, दोन्ही मिळून काहीशे रुपयांत येतात. बॅटरीवर चालव, आजोबांच्या हातावर असताना चार्जरला जोडायचं नाही. इलॅस्टिकच्या पट्टीने मनगटाच्या चार बोटं वर बांध. सेकंदाला ५० वेळा कोन वाच आणि हात किती वेळा वर गेला ते मोजव.

पहिली अडचण येईल ती म्हणजे कोन आपोआप वाढत जाईल. सेन्सरमधला जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो, नुसत्या त्याच्यावरून काढलेला कोन काही मिनिटांत भरकटतो. त्यात ॲक्सिलरोमीटरचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणावरून कल सांगणाऱ्या भागाचा, थोडा वाटा मिसळ, साधारण ९८ टक्के पहिल्याचा, २ टक्के दुसऱ्याचा. दुसरी अडचण, हात थरथरला की एकाच्या दोन मोजल्या जातील. म्हणून ३० अंशांच्या वर गेला की 'वर' धर, आणि १५ अंशांच्या खाली आल्याशिवाय पुढची मोजू नकोस. मग तू स्वतः ५० हालचाली मोज आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून बघ.

तिसरी अडचण कोडमध्ये सापडणार नाही. यंत्र म्हणेल ५०, आणि तू बाजूला उभी राहून पाहिलंस तर दिसेल की निम्म्या वेळा आजोबांनी खांदा वर ओढलाय आणि पाठ मागे टाकलीय. हात उचललाच नाही, धडाने उचलून नेला. ही पक्षाघातातली नेहमीची पळवाट, आणि तिची सवय लागली की सोडवायला महिने जातात. फिजिओथेरपिस्टला ती दारातून दिसते. सेन्सरला दिसायची तर दुसरा सेन्सर छातीवर बांधावा लागेल आणि धड किती कललं तर हालचाल बाद, हे ठरवावं लागेल. किती अंश? ते तुला थेरपिस्टलाच विचारावं लागेल.

इथे स्वतःकडे बघ. दुसरा सेन्सर कसा जोडायचा या विचाराने रात्री झोप उडाली, तर इंजिनिअरिंग. सेन्सर बाजूला ठेवून आजोबांच्या पाठीला हात लावावा, त्यांना समोर झुकवून पुन्हा करून घ्यावं असं वाटलं, तर थेरपी. थेरपी वाटली तर आणखी एक कर. ओळखीने परवानगी काढून पाच सकाळी एखाद्या फिजिओथेरपी विभागात नुसती उभी राहा. ज्या रुग्णात तीन आठवडे काहीच फरक नाही, त्याच्याशी चौथ्या आठवड्यात थेरपिस्ट कशी बोलते ते ऐक. लघवीची पिशवी, लाळ, रडणारी मुलं, सगळं बघ. ते बघून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटतं का, एवढंच वहीत लिही.

दोन्ही परीक्षांचे फॉर्म मात्र भर, नीटचा आणि सीईटीच्या गणित गटाचा. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेल्या मुलीने एका बाजूचं दार जानेवारीतच लावून घेऊ नये.

ता. क. 'काका आजोबांना उजव्या हाताला धरून उठवतात,' असं तू ओघात लिहिलंयस. ते आजच थांबव. लुळ्या खांद्याचे स्नायू सैल असतात, हात ओढला की सांधा खाली सरकतो आणि दुखणं बसतं. कमरेला रुंद पट्टा बांधून तिथे धरायचं, त्यांनी आधी पाय मागे घेऊन पुढे झुकायचं, मग उठायचं. आणि ऑनलाइन मिळणारं नसा उत्तेजित करणारं करंटचं मशीन थेरपिस्टला विचारल्याशिवाय लावू नका. त्या बाजूची त्वचा बधिर असेल तर भाजलेलंही त्यांना कळणार नाही, आणि पेसमेकर असेल तर लावायचंच नाही.